काळं बाहेर ठेवा

१

सभा संपली तेव्हा वरणखेडच्या बाजार मैदानात खुर्च्या उरल्या, पाण्याच्या चुरगळलेल्या पिशव्या उरल्या, आणि बायांच्या फाटकाबाहेर, निंबाच्या झाडाखाली, एक बाई उरली.

बाई उठत नव्हती.

शरबताची गाडी लावणारा बद्रुद्दीन तिच्याजवळ गुडघ्यावर बसला होता. एक हात तिच्या मानेखाली, दुसऱ्या हातात लाल शरबताचा गिलास. शरबत तोंडात जात नव्हतं. ओठांवरून ओघळून गळ्यावर येत होतं, आणि लांबून पाहणाऱ्याला भलताच संशय यावा असा त्याचा रंग होता.

"काय पाजलं बे तिले?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"काई नाई भाऊ, पानी मारून राह्यलो... बाई शुद्धीवर येऊन नाई राह्यली. गाडी बोलवा ना कोनी!"

माणूस पडला की गाडी बोलावतात. त्या दिवशी लोकांनी मोबाईल काढले. बाई दवाखान्यात पोचायच्या आत तिचा फोटो मोताळा तालुक्यातल्या घराघरात पोचला होता. गळ्यावर लाल ओघळ, शेजारी दाढीवाला माणूस, आणि खाली दोनच शब्द: विष पाजलं. ते कोणी लिहिले, कोणालाच माहीत नव्हतं. खरे मात्र सगळ्यांना वाटले.

बाईचं नाव रुखमाबाई. टाकळीची. दवाखान्यात पोचली ती मेलेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा उत्तमराव ठाण्यात आला आणि बद्रुद्दीनचं नाव देऊन गेला. बद्रुद्दीन कोठडीत गेला. त्याची गाडी बाजारात उलथून पडली. ती उलथवणारे हात शोधायला कोणी गेलं नाही. आणि उमेदवाराचा प्रचारप्रमुख दीपक, ज्यानं कालची सभा भरवली होती, त्यानं जाहीर केलं की संध्याकाळी ठाण्यावर मोर्चा येणार. काळ्या फिती लावून. आरोपीला लोकांच्या समोर आणा, एवढीच मागणी.

लोकांच्या समोर आणा म्हणजे काय, हे ठाण्यातल्या प्रत्येकाला कळत होतं.

"कागद करा आणि मोकळ्या व्हा," ठाणेदार हाताखालच्या पीएसआय महामाया इंगळेला म्हणाले. "नवऱ्यानं नाव दिलंय. फोटो आहे. अजून काय पाहिजे?"

"डॉक्टर काय म्हणाले ते पाहिजे, सर."

डॉक्टर फोनवर स्पष्ट बोलला. तपासणीला नमुने पाठवलेत, अहवाल येईल तेव्हा येईल. पण विषाचं एकही लक्षण त्याला दिसलं नव्हतं. अंग भट्टीसारखं तापलेलं होतं. चेहरा, मान, हात करपलेले. बाई उन्हानं गेली होती.

महामाया जीप घेऊन मैदानात गेली आणि निंबाखाली उभी राहिली. झाड जुनं, दाट. बाहेर एप्रिलचं ऊन डोळे फोडत होतं आणि इथं मानेवरचा घाम वाळत होता. कालही इथं शरबताची गाडी उभी होती.

वरणखेडात मरायला सतरा जागा असतील. पण उन्हानं मरायला ही जागा नव्हती.

२

टाकळीत उत्तमरावाच्या अंगणात सतरंजी टाकली होती. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आता पार चुरगळलेला.

"कालपासून सदरा बदलला नाई त्यायनं," शेजारचा माणूस हळूच म्हणाला. "अन्नाचा कण नाई पोटात."

महामाया समोर बसली. "काका, काल तुम्ही कुठं होतात?"

"वावरात."

"दिवसभर?"

"हो. सांजच्याले लोकाइनं सांगतलं, तुही बाई गेली म्हून."

"सभेला त्या कशा गेल्या?"

"शालूबाईच्या गाडीत. बचत गटाच्या समद्या बाया गेल्या, तशी तेबी गेली." तो खाली पाहून बोलत होता. "पन आत नाई घेतलं तिले. काळी छत्री होती ना. काळं चालत नाई तिथं. मंग भायेर निंबाखाली बसली. त्या मियाँनं शरबत पाजलं..."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"समद्याइले माहीत हाय."

"छत्री कुठंय?"

उत्तमरावानं पहिल्यांदाच वर पाहिलं, आणि दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"असन तिथंच कुठी."

"ओळखायची कशी?"

"मुठीले लाल चिंधी बांधली हाय. एका बाजूनं फाटली तं तिनं हिरव्या लुगड्याचा तुकडा शिवला. उन्हाळाभर सोडत नव्हती हातातून." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

त्याच्या सदऱ्याच्या खिशाला एक सेफ्टी पिन लागलेली होती. नुसतीच. तिच्यात काही अडकवलेलं नव्हतं. महामायानं ती पाहिली आणि विसरली. बायकांच्या बांगडीत पिन असते, माणसाच्या खिशाला का असू नये?

अंगणाच्या कडेला बाया बसल्या होत्या. सगळ्यांचे पदर पुढं ओढलेले. कालच्या गाडीत याच होत्या. महामाया त्यांच्याकडे वळली. "तुमच्यापैकी कोणी पाहिलं रुखमाबाईंना? फाटकावर? आत?"

कोणी हललं नाही. मग एका तरुण सुनेनं तोंड उघडलं. "मॅडम, आत्याबाई..."

उत्तमराव खोकला.

एवढंच. नुसता खोकला. त्या पोरीचा पदर आणखी वीतभर पुढं आला, आणि पुन्हा त्या अंगणातून एक शब्द निघाला नाही.

३

प्रचार कार्यालयात कूलर होता. कूलरसमोर दीपक आणि दीपकसमोर चहा. बाजूच्या खुर्चीत शालूबाई, टाकळीच्या बचत गटाची अध्यक्ष, पर्स मांडीवर घट्ट धरून. दोन पोरं काळ्या कापडाच्या फिती कातरत होती.

"या मॅडम! बसा. दुःखद झालं हो." दीपक चाळिशीचा, गोड बोलणारा. असल्यांना खोटं बोलायला लाज सोडावी लागत नाही, नुसता माईक लागतो.

"रुखमाबाईंना आत का घेतलं नाही?"

"काळी छत्री. नियम आहे. काळा रुमाल, काळी ओढणी, मोजेसुद्धा. काळं म्हणजे निषेध. एखादीनं फडकवलं तर साहेबांच्या भाषणाऐवजी टीव्हीवर तेच दिसतं. म्हणून आम्ही फाटकावरच सांगतो, काळं बाहेर ठेवा आणि आत या. ऐकलं तर ठीक, नाही तर परत. म्हातारीनं ऐकलं नाही."

"शालूबाई, तुम्ही पाहिलं?"

शालूबाईनं आधी दीपककडे पाहिलं. "मी पुढं गेली होती. मले माहीत नाई. परत पाठवलं म्हणतेत."

"सभा कधी सुरू व्हायची होती?"

"दुपारी," दीपक हसला. "साहेब मेहकरहून निघाले होते. वाटेत लोक थांबवतात, हार घालतात. उशीर होतोच."

"म्हणजे बाया दुपारभर बसून होत्या. त्यांच्यावर मांडव होता?"

दीपकचा चहा ओठापाशी थांबला. "पुढाऱ्यांवर होता. बायांचा भाग स्टेजसमोर येतो. वर कापड टाकलं की चेहरे अंधारे दिसतात. उघड्यावर चांगला फोटो निघतो."

"बायांना मधेच घरी जायचं असलं तर?"

"कोणी अडवत नाही हो! लोकशाही आहे."

"बायांच्या फाटकावर कोण उभं होतं?"

"मंडपवाल्या गोविंदाची पोरं." उत्तर फार लवकर आलं. मग दीपक खुर्चीत पुढं झुकला आणि आवाज खाली आणला. "मॅडम, एक सांगू? लोक तापलेत. संध्याकाळी मोर्च्यात कोणी विचारलं, या इंगळे मॅडम नेमक्या कोणाच्या बाजूनं, तर मी कोणाकोणाचं तोंड धरू? लोक आडनावात जात वाचतात. तुम्हाला मुलगी आहे ना, बुलढाण्याला शाळेत? बसनं येते-जाते म्हणे."

कूलर घरघरत होता. पोरांची कात्री थांबली होती.

"काल काळं चालत नव्हतं," महामाया उठता उठता म्हणाली, "आज फिती वाटताय?"

"काल सभा होती," दीपक म्हणाला. "आज निषेध आहे."

४

बद्रुद्दीनचं घर बाजाराच्या मागं. दाराला आतून कडी. बऱ्याच हाका मारल्यावर त्याची मुलगी ताहेरा दारात आली. कॉलेजात शिकणारी. तिच्यामागं आई मुबीना उभी, हातात कुलूप.

"आम्ही अम्मीच्या माहेरी चाललो," ताहेरा म्हणाली. "मोर्चा इकडूनच येणार म्हणते लोक. अब्बूले आज रात्री ठाण्यात ठेवणार का बाहेर काढणार, तेवढं खरं सांगा."

"ठाण्यात ठेवलं तर जिवंत राहतील. तेवढंच माझ्या हातात आहे. तू काल होतीस तिथं?"

"होती. सभा आयकाले आली होती. माह्यं पयलं मतदान हाय. म्हणलं आयकावं तरी काय बोलते. फाटकावर बुरखा काढ म्हणे. मी नाई म्हणलं. मंग अब्बूच्या गाडीपाशी बसली, निंबाखाली. दिवसभर."

"दिवसभर? मग रुखमाबाई तिथं कधी आल्या?"

"आल्याच नाई! निंबाखाली मी अन् अब्बू, दोघंच. साहेबाच्या गाड्याइचा सायरन वाजला तवा बर्फ संपला होता. आम्ही दोघं बर्फ आणाले गेलो. बर्फ लांबून आणा लागते; परत आलो तवा भाषण संपत आलं होतं, अन् बाई पडलेली. अब्बूनं पाणी मारलं, तोंडाले शरबत लावलं. बस्स. तेवढ्यात सभा सुटली."

"हे तू ठाण्यात सांगितलंस?"

"मले कोण इचारते? मी आरोपीची पोरगी."

खरं होतं. ही साक्ष कागदावर उतरली तरी संध्याकाळच्या गर्दीसमोर तिची किंमत काय? महामाया दारातच खाली बसली. "अजून काय दिसलं तुला?"

"दिसलं काई नाई. कनात होती ना मधी. आयकू येत होतं." ताहेरानं आईकडे पाहिलं. मुबीना डोळे मिटून उभी होती. "बाया रडत होत्या. फाटक बांधून टाकलं होतं आतून. 'बाबाजी, पाया पडतो, सोडा ना.' 'बाबाजी, लेकरू घरी हाय.' मंग माईकवर आवाज येये, साहेब मेहकरहून निघाले आहेत. पुन्हा बाया ओरडत. एक बाई तं कनातीले लागूनच होती. तिचा आवाज बसला होता. ती नुसती म्हणे, 'अवो... अवो, आयकता ना... जीव चालला माहा, अवो...' लई वेळ म्हणत होती. मंग बंद झाली."

महामायाची नजर दाराआड खुंटीवर टांगलेल्या बुरख्यावर होती. काळा. फाटकावर काढायला सांगितलेला, न काढलेला, आणि म्हणून घरी आलेला.

"ताहेरा, तुला आत घेतलं नाही. आणि तुझा बुरखा?"

"माह्याजवळच राह्यला. काढलाच नाई तं कुठी जाईन?"

महामाया ताडकन उठली. "गोविंदा मंडपवाल्याचं गोदाम कुठंय?"

५

गोविंदाच्या गोदामात टेम्पो उभा होता. बांबू, कनाती, हिरव्या जाजमांच्या गुंडाळ्या. आणि कोपऱ्यात ढीग.

काळा ढीग. ओढण्या, रुमाल, लहान मुलाची टोपी, बायांचे बुरखे, एकेकटे मोजे. कालच्या सभेला आत गेलेल्या शेकडो माणसांनी फाटकावर उतरवलेलं आणि सुटताना परत न मिळालेलं काळं. त्यात सात-आठ छत्र्या.

"कचऱ्यात टाका म्हणे दीपकभाऊ," गोविंदा तोंड पुसत म्हणाला. "म्या म्हणलं, छत्र्या चांगल्या हाय, पावसाळ्यात कामी येतीन. चोरी नाई केली मॅडम."

महामाया ढिगापाशी बसली आणि एकेक छत्री काढत गेली. तिसरी काढली. मुठीला लाल चिंधी. उघडली तर एका बाजूला हिरव्या लुगड्याचा तुकडा, बारीक टाक्यांनी शिवलेला.

ती छत्री उघडी धरून महामाया गोविंदासमोर उभी राहिली. "ही जिची, ती म्हातारी आत होती. कुठं मेली?"

गोविंदानं पळायचा विचार केला असावा, कारण त्यानं दाराकडे पाहिलं. मग तो बांबूंच्या ढिगावर बसून गेला.

"फाटकापाशी पडली. बाया ओरडल्या. तेवढ्यात सायरन वाजला, समदे लोक उठून तिकडं पाहाले लागले. दीपकभाऊ धावत आला. म्हणे, मांडवात माणूस मेला तं सभा मेली, कॅमेरे समदे हाय. कनात उचल. म्या अन् दीपकभाऊनं, दोघाइनं तिले कनातीखालून भायेर काढलं. तिच्या गळ्यात पक्षाचा दुपट्टा होता, आत वाटलेला, तो काढून घेतला. निंबाखाली ठेवली. म्हणलं सावलीत बरी होईन."

"श्वास चालू होता तिचा?"

गोविंदा बांबूवरची सुतळी सोडवू लागला.

"गोविंदा. श्वास चालू होता?"

"...कण्हत होती."

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली, कर्ण्यावर मोर्च्याची हाक देत.

"फाटक कोणी बांधलं?"

"दीपकभाऊनं सांगतलं. बाया उठाले लागल्या होत्या ना. खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या."

"आणि दोर धरून कोण उभं होतं? तुझी पोरं?"

"माही पोरं?" गोविंदाला अशाही वेळी हसू आलं. "बायाइच्या फाटकावर जवान पोरं कोण ठेवते मॅडम? बोभाटा होईन. बाया त्याइले ढकलून निंगून जातीन. दीपकभाऊची रीत येगळी. ज्या गावच्या बाया, त्या गावचा एक म्हातारा फाटकावर. मानाचा माणूस. सुना काय करतीन? म्हाताऱ्यापुढं पदर घेतीन का त्याले ढकलतीन? दोर तं नावाले. खरा बांध तोच."

"टाकळीच्या बायांपुढं कोण होतं?"

"मले नावं नाई माहीत. बिल्ले दीपकभाऊनं वाटले. छापील नावाचे. छातीवर पिननं लावाचे..."

तो पुढंही काही बोलत होता. महामायाला ऐकू येत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर टाकळीचं अंगण होतं, चुरगळलेला इस्त्रीचा सदरा होता, आणि खिशाला लागलेली एक रिकामी सेफ्टी पिन.

६

ऊन कलायच्या आधीच ठाण्यासमोरचा रस्ता भरला. प्रत्येकाच्या दंडावर काळी फीत. कालच्याच गाड्या, कालचीच माणसं. टाकळीच्या बायाही आणल्या होत्या, मागच्या बाजूला, पदर ओढून उभ्या. दीपक पुढं, हातात माईक. गर्दी एका आवाजात एकच मागत होती: त्याला बाहेर काढा.

कोठडीत बद्रुद्दीन भिंतीकडे तोंड करून बसला होता. ठाणेदार खिडकीआडून पाहत होते. "दार टिकणार नाही," ते म्हणाले. "काय करायचं ते लवकर करा."

महामायानं जबाबावर सही करायला म्हणून उत्तमरावाला आधीच बोलावून घेतलं होतं. तो खोलीत आला. टेबलावरची छत्री त्यानं पाहिली, आणि तो उभाच राहिला.

"बसा काका."

"सही कुठी कराची?"

"आधी ऐका." महामायानं दार लावून घेतलं. "दीपक म्हणतो, छत्री काळी म्हणून रुखमाबाईंना परत पाठवलं. तुम्हीही तेच म्हणता. पण ज्याला परत पाठवतात त्याचं काळं त्याच्याजवळ राहतं. त्या ताहेराचा बुरखा तिच्या अंगावरच होता. ज्यानं आत जाणं कबूल केलं, त्याचंच काळं बाहेर राहिलं. ही छत्री फाटकावरच्या ढिगात होती. म्हणजे रुखमाबाई आत गेल्या. डॉक्टर म्हणतो उन्हानं गेल्या. निंबाखाली ऊन नाही, बायांच्या भागात होतं. इथपर्यंत गोविंदानंही कबूल केलंय."

उत्तमराव छत्रीकडे पाहत होता.

"राहिला प्रश्न फाटकाचा. दीपक म्हणाला, गोविंदाची पोरं होती. कनातीबाहेर ऐकू येत होतं, काका. बाया 'बाबाजी, सोडा' म्हणून रडत होत्या. मंडपवाल्या पोरांना कोणी बाबाजी म्हणत नाही. फाटकावर म्हातारा होता. आणि सगळ्या बाबाजी म्हणत असताना एक बाई बाबाजी म्हणत नव्हती. नावही घेत नव्हती. ती 'अवो' म्हणत होती. तुमच्या-माझ्या गावात म्हातारी बाई कोणाला अवो म्हणते?"

बाहेर घोषणा वाढल्या. काचेवर एक दगड आला.

"खिशाला पिन आहे, काका. बिल्ला कुठंय?"

उत्तमरावाचा हात खिशाकडे गेला. पिनेवर बोट ठेवून तो तसाच राहिला. मग खुर्चीत बसला.

"छत्री मीच घेतली," तो म्हणाला. "सकाळी. समद्याइची घेत होतो. तिले म्हणलं, तुही नाई घेतली तं लोक काय म्हणतीन. हासली. म्हणे, बिल्ला शोभते तुमाले. हातात देल्ली छत्री."

"दुपारी हाका आल्या तेव्हा?"

"आयकू येत होत्या."

"ओळखलं होतं?"

"चाळीस वर्साचा आवाज हाय, मॅडम. वळखू येनार नाई?" त्याचा आवाज चढला आणि तिथंच फुटला. "घरची बाई सोडली असती तं मांगून समद्या निंगाल्या असत्या. लोक म्हणले असते, स्वताच्या बाईले काढलं अन् आमच्याइले उन्हात ठेवलं. दीपकभाऊ म्हणला होता, काका, टाकळीची इज्जत तुमच्या हाती. म्या पाठ फिरवली. म्हणलं येतच असन तो साहेब. निंगाला म्हणत होते ना मेहकरहून... जल्मात पयल्यांदा कोनी माह्यं नाव छापून छातीवर लावलं होतं."

"आणि बद्रुद्दीन?"

"दीपकभाऊनं सांगतलं. म्हणे त्याचं नाव द्या, नाईतं तुमचं येईन."

महामायानं खिडकी उघडली. आवाज खोलीत घुसला. "ऐका. हे लोक तुमच्या तोंडून निघालेल्या नावासाठी आलेत. ते नाव आत कोठडीत बसलंय. त्याची बायको-पोर आज घर सोडून गेली. मी बाहेर जाऊन काहीही सांगितलं तरी हे हलणार नाहीत. माझं आडनाव वाचतील. तुमचं ऐकतील."

उत्तमराव उठला. "छत्री घेऊ?"

"नाही. ती आता पुरावा आहे."

म्हातारा पायरीवर आला तसा दीपकनं हात उंचावून गर्दी शांत केली आणि माईक त्याच्यापुढं धरला. "बोला काका! सांगा सगळ्यांना!"

"ते आत होती," उत्तमराव म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही.

"माही बाई आत होती. उन्हात. फाटकावर मी होतो. दोर म्या धरला. तिनं हाका मारल्या, म्या सोडलं नाई. बद्रुद्दीननं काई नाई केलं. त्यानं पानी तरी पाजलं. म्या तेबी नाई..."

माईक बंद झाला. दीपकच्या अंगठ्यानं बंद केला, हे पुढच्या रांगेनं पाहिलं.

"काकांच्या मनावर परिणाम झालाय!" तो ओरडला. "पोलिसांनी दबाव टाकलाय! भावांनो..."

गर्दी सरकली. पुढं की मागं, हे तिचं तिलाच ठरेना. एक पोरगं दगड उचलून उभं होतं. त्या क्षणी एक शिट्टी, एक शिवी पुरली असती.

"दबाव नाई!"

आवाज मागून आला. सकाळी खोकल्यानं गप्प झालेली तीच सून. तिच्या डोक्यावरून पदर घसरला होता आणि तिनं तो तसाच राहू दिला. "आमी समद्या होतो! आत्याबाई माह्या मांडीवर पडली. पानी मागत होती. दीपकभाऊ, तूच म्हणला ना, आवाज करू नका, कॅमेरा चालू हाय?"

"मीबी पाह्यलं," दुसरी म्हणाली.

"पाय धरून वढलं तिले," तिसरी म्हणाली. आणि मग टाकळीच्या बाया बोलायच्या थांबेनात. ज्या माणसापुढं तोंड उघडायचं नव्हतं, त्यानंच तोंड उघडलं होतं. शालूबाई त्यांच्यात उभी होती. ती बोलली नाही. दंडावरची फीत मात्र तिनं दातानं तोडून खाली टाकली.

पोरानं दगड खाली ठेवला. पश्चात्तापानं नाही, मारायचं कोणाला, ते कळेनासं झालं म्हणून.

महामाया पायऱ्या उतरून दीपकसमोर आली. तो फोन कानाला लावून वरच्या कोणाला तरी शोधत होता. वरचं कोणी उचलत नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "तुम्हाला आत घ्यायचंय." मग त्याच्या दंडावरच्या फितीकडे बोट केलं. "काळं बाहेर ठेवा."

७

दीपकला जामीन मिळाला. गोविंदाला मिळाला. उत्तमरावानं मागितलाच नाही. त्याच्या भावानं जबरदस्तीनं आणला. बद्रुद्दीन त्याच रात्री सुटला. मुबीना आणि ताहेरा अजून माहेरीच आहेत. तो फोटो अजून फिरतो, त्याच दोन शब्दांसकट. खरं काय ते सांगणारा फोटो कोणी काढलेला नव्हता.

पुढची सभा मोताळ्याला झाली. फाटकावर काळ्याचा ढीग होता. बायांच्या डोक्यावर कापड नव्हतं. साहेब वाटेत होते.

टाकळीला पाठवलेली गाडी रिकामी परत गेली. आणि फाटकावर या वेळी म्हातारे नव्हते, बाहेरून आणलेली दांडगी पोरं होती. त्यांना कोणी अवो म्हणणार नव्हतं.

दोर मात्र तोच होता.